सप्रेम भेटीचा बिल्ला

माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढं मेंढरं होती, आणि मेंढरांना सुट्टी नसते. पण आमच्या गावच्या वाचनालयात मी दर गुरुवारी पुस्तक असतो, हे छाती फुगवून सांगतो. गावातल्या बीए झालेल्यांपैकी कितीजण पुस्तक झाले, विचारा.

आमचं गाव उमापूरच्या अलीकडं. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीमागची एक खोली, सरकारी दप्तरात 'ड' वर्ग. अनुदान येतं त्यात पेपर आणि ग्रंथपाल बाईंचा पगार, दोन्ही कसेबसे निघतात. बाईंच्या डोक्यात मात्र लई दिवसांपासून एक खूळ होतं, 'बोलती पुस्तकं'. ज्याला एखादं काम पुरतं येतं असा माणूस खुर्चीवर बसवायचा. ज्याला गरज असेल त्यानं त्याला अर्धा तास घ्यायचं, विचारायचं, ऐकायचं. पण खुर्च्या नाहीत, वस्तीवरच्या बायांना आणायला रिक्षा नाही, चहा नाही. नुसत्या खुळावर कार्यक्रम होत नसतो.

मग देणगी आली. दिली आमच्याच गावच्या, पण आता माजलगावला बंगला बांधून राहिलेल्या पुढाऱ्यानं. त्यांना सगळे साहेब म्हणतात, मीही म्हणतो. तोंड काही झिजत नाही. खुर्च्या आल्या, पंखा आला, रिक्षा ठरली. खोटं कशाला बोलू? ती देणगी नसती तर बाईंचं खूळ वहीतच राहिलं असतं.

साहेबांची हौस एकच. दिलेल्या वस्तूवर 'सप्रेम भेट' आणि खाली त्यांचं नाव, वडिलांच्या नावासकट. रंगारी दोन दिवस राबला. खुर्च्यांच्या पाठीवर नाव, माठावर नाव, पंख्याच्या तिन्ही पात्यांवर नाव. उद्घाटनाला साहेब बोलत होते तोवर पंखा बंद ठेवला होता, कारण फिरला की नाव दिसत नाही. आमी घामानं निथळलो, पण नाव पाठ झालं.

मला बाईंनी शेळ्यामेंढरांचं पुस्तक केलं. पहिल्याच गुरुवारी वस्तीवरची एक सून माझ्यासमोर बसली. तिला शेळी घ्यायची होती आणि वय कळत नव्हतं. दात बघून दोनदाती कोणती, चारदाती कोणती, ते तिला शिकवलं. पुढच्या बाजारात तिनं शेळीचं तोंड उघडून व्यापाऱ्याचं तोंड बंद केलं. हे ती स्वतः येऊन सांगून गेली. माझ्या घरात पोरांनी मेंढरं विकली तेव्हापासून मी बोलायला लागलो की टीव्हीचा आवाज वाढतो. म्हणून गुरुवार मला सोडायचा नव्हता.

तिसऱ्या गुरुवारच्या आदल्या दुपारी आम्ही वाचनालयात बसलो होतो, तिथं बाई बिल्ले घेऊन आल्या. छातीवर लावायचे, पुठ्ठ्याचे. त्यावर तेच, सप्रेम भेट आणि साहेबांचं नाव.

"उद्या साहेब फोटोवाले घेऊन येणार आहेत, आबा. पुस्तकंही त्यांच्याच देणगीतली, तर पुस्तकांवरही नाव पाहिजे म्हणतात."

"बाई, मेंढराला मालकाचा रंग लावतेत, हरवलं तर कळावं म्हणून. मी कुठं हरवलोय?"

"नाही लावलात तर पुढची देणगी थांबेल. मग गुरुवार बंद."

तान्ह्या लेकरांना न्हाऊमाखू घालायचं पुस्तक म्हणजे आमच्या आळीतली म्हातारी. ती तिथंच बसली होती. "काहून अडतोस रं? त्याला काय काटं हायेत?"

"खुर्ची साहेबांची हाय. बसणारा माझ्या बापाचा हाय," मी म्हणालो, आणि बिल्ला खिशात घालून घरी आलो.

घरी बिल्ला उलटा केला. मागची बाजू कोरी. नातीचं पेन घेतलं आणि ओसरीवर बसून लिहिलं. दुसरीतली अक्षरं हाताला लवकर येईनात, पण आली.

दुसऱ्या दिवशी साहेब एकेका पुस्तकाचा बिल्ला बघत माझ्यापुढं आले. फोटोवाला तयार. साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "सपरेम भेट. आई-बापाकडून."

बाई माठाकडं बघत होत्या.

"आबा, सप्रेम चुकलंय," साहेब म्हणाले.

"तुमच्या रंगाऱ्यानं मजुरी घेऊन लिहिलं, साहेब. मी फुकट लिहिलंय."

आधी म्हातारी हसली, मग सगळी खोली. निवडणूक तोंडावर होती, म्हणून साहेब सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला. तो पेपरात आला. खाली साहेबांच्या मोठ्या मनाबद्दल चार ओळी, माझ्याबद्दल 'एक ज्येष्ठ नागरिक'. पण एवढं छापून आल्यावर देणगी थांबवायची कोणत्या तोंडानं? गुरुवार राहिला.

पुढच्या गुरुवारी म्हातारी आली ती बिल्ला उलटा लावून. बाईंकडून लिहून घेतलेलं, सप्रेम भेट, सासूकडून.

"जित्ती व्हती तवर तर शिव्या दिल्यास तिला," मी म्हणालो.

"दिल्या की," ती खुर्चीवर बसत म्हणाली, "पर लेकरू धरायचा हात तिचाच हाय."

मग तिनं समोरच्या पोरीच्या मांडीवरचं बाळ उचललं.