इनासची उडी चुकली नव्हती

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. चित्रीकरणाच्या वेळी उडीचा अंदाज चुकल्याने डुप्लिकेटचा मृत्यू. गावाचं नाव होतं, माणसाचं नव्हतं. इनासला जाऊन पाच आठवडे झाले, पण त्या ओळी आठवल्या की अजूनही माझं डोकं फिरतं. अंदाज चुकला म्हणे! सातव्या वर्षापासून जो आमच्या नंदाखाल गावच्या बावखलात नारळावरून उड्या मारत आला, त्याचा? बावखल म्हणजे आमच्या बागांना पाणी देणारं तळं. आम्ही दोघं त्यातच पोहायला शिकलो. मी पायरीवरून, नाक चिमटीत धरून, तो झाडावरून. पण चढण्याआधी तो दर वेळी बांबू घालून पाणी मोजायचा. "भित्रा लेकाचा," मी म्हणायचो. "भितो म्हणून हाडं शाबूत आहेत," हा त्याचा ठरलेला जबाब.

याच गुणावर तो सिनेमात गेला आणि टिकला. दोन हवालदारांची ती जोडी तुम्ही पाहिली असेल. एक तापट, दुसरा पोट सुटलेला घाबरट. दोघं मिळून स्मगलरांचा पाठलाग करतात आणि स्वतःच जास्त मार खातात. पहिला भाग धो धो चालला तो त्या घाबरटाच्या पडण्यावर. जिन्यावरून, ट्रकच्या टपावरून, एकदा तर म्हशीवरून. पडायचा इनास, आणि उठून टोपी झटकायचा नट. आम्ही सगळे वसईला तो सिनेमा पाहायला गेलो, तेव्हा इनास माझ्या कानाशी लागून सांगत होता, "हा मी... आता तो... हा परत मी." शेवटी नावांची पाटी सरकून गेली, त्यात हा कुठेच नव्हता. मला संताप आला. तो मात्र शेंगदाणे खात हसत होता.

दुसऱ्या भागाला मोठी उडी हवी होती. ती आमच्या बावखलात घ्या, असं त्यानंच सुचवलं. घरचं, ओळखीचं पाणी. चार दिवस आधी त्यानं बांबू घालून मोजलं, तेव्हा दोन पुरुष खोल भरलं. यापुढचं मलाच लिहायला हवं, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. बावखलातून पाणी उपसायची आमच्याकडे पाळी ठरलेली असते. एका दिवशी एकाच बागेचं इंजिन चालतं, म्हणजे झऱ्यांना पुन्हा भरायला सवड मिळते. पण शूटिंगच्या दिवशी कुणालाच बागेत अडकून पडायचं नव्हतं. म्हणून आदल्या दिवशीच जो तो आपल्या केळींना पाणी देऊन मोकळा झाला. पाळी गेली खड्ड्यात! शेजारची इंजिनं ऐकू येत होती, आम्ही काही बहिरे नव्हतो. प्रत्येकजण मनात म्हणाला, माझ्या एकट्यानं काय होतंय... त्यातलं एक इंजिन माझं होतं.

सकाळी सिनेमावाल्यांनी काठावर झावळ्या अंथरल्या, पडद्यावर छान दिसावं म्हणून. पाणी किती उतरलंय ते दाखवणारी काठाची ओली रेघ त्यांखाली झाकली गेली. तरीही इनासनं बांबू मागितला. दिग्दर्शक घड्याळ बघत होता. "मोजलंस ना त्या दिवशी? ऊन जातंय, चढ लवकर!" एरवी इनास हटून बसला असता. पण त्या दिवशी पहिल्यांदाच सगळा गाव फक्त त्याला बघायला जमला होता. मी दहा पावलांवर उभा होतो. शंका माझ्या मनात आली होती, पण एवढ्या लोकांत ओरडायची मला लाज वाटली. लाज! इनास चढला, आणि मी टाळ्या वाजवल्या.

चर्चमधल्या त्याच्या महिन्याच्या मिस्साच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी बसलो होतो, तेव्हा निर्मात्याचा माणूस आला. "भाभी, पिक्चर पुरा होतोय," तो इनासच्या बायकोला, फिलूला म्हणाला. "इनासभाईचा शॉट ठेवलाय, पाण्यापर्यंतचा. पब्लिक जाम हसणार. तिसरा पार्टपण फायनल आहे, त्यात सुरुवातीला त्याचा फोटो टाकू, नावासकट." म्हणजे नाव यायला माणसाला मरावं लागलं. मग तो मुद्द्यावर आला. किडकिडीत इनासला नटासारखं दिसता यावं म्हणून फिलूनं सावरीचा कापूस भरून दोन पोटं शिवली होती. एक पोलिसांनी पंचनाम्यात नेलं, दुसरं भिंतीवर खुंटीला होतं. ते त्याला नव्या डुप्लिकेटसाठी हवं होतं. "बिचाऱ्याची उडी चुकली नसती, तर..."

मी ताडकन उठलो. "उडी नाही चुकली! पाणी आम्ही उपसलं, आणि तुमच्या साहेबानं त्याला मोजू दिलं नाही!" इतके दिवस मनात ठेवलेलं असं एकदम बाहेर पडलं, आणि मग फिलूकडे बघायची माझी हिंमत होईना.

फिलूचं माहेर कळंबचं, मच्छीमारांचं. ती हळू बोलते. "ठाव हाय मला," ती म्हणाली. "आमच्या केळीलापन मीच पानी सोडलेलं. त्याला सांगितलं नाय. सकाळी लवकर जाऊन पुढं बसायचं होतं... त्याला बघायला."

तिनं उठून खुंटीवरचं ते पोट काढलं, मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून बसली. तो माणूस थोडा वेळ घुटमळला आणि निघून गेला. तिसऱ्या भागात पडायला त्यांना कुणीतरी मिळेलच. पोट मात्र त्यांनी दुसरीकडून शिवून घ्यावं.