बदामांची पुण्याई

शेजारच्या मालनकाकू रोज सकाळी अंगणात बसून बदामाची थंडाई घोटतात. मुलगा महेश तालमीत जातो ना, म्हणून. शरीर लवकर भरावं यासाठी तो इंजेक्शनं घेतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. काकूंना सोडून.

आज तो पेला घ्यायला उघड्या अंगाने बाहेर आला.

"दंड बघा की त्याचे, मास्तर," काकू म्हणाल्या. "सगळी माझ्या बदामांची पुण्याई."

महेशने माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. ते औषध स्नायूच्या पेशीत शिरतं आणि थेट केंद्रकापर्यंत निरोप पोचवतं की प्रथिनं बनवा, आणखी बनवा. पेशी मुकाट्याने कामाला लागते. निरोप शरीराचा की बाटलीतला, हे ती विचारत नाही. स्नायूला बिलगून असलेल्या लहान पेशी तर आपलं केंद्रकसुद्धा त्याला देऊन टाकतात आणि त्याच्यातच विरून जातात. इतकं भोळं देणं मी फक्त आयांमध्ये पाहिलं आहे.

हृदयही शेवटी स्नायूच. तोच निरोप तिथेही पोचतो, त्याच्याही भिंती जाड होत जातात. फक्त ती वाढ आरशात दिसत नाही, म्हणून तिचं कौतुक कुणी करत नाही.

महेश पेला रिकामा करून पायरीवर टेकला. त्याला धाप लागली होती.

"हल्ली लगेच दमतो हो," काकू म्हणाल्या, आणि उद्यासाठी मूठभर बदाम जास्त भिजत घालायला आत गेल्या.