पट्टी लावलेली लेन्स

लेन्सकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस त्या इमारतीत आता उरलेलं नाही. पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, पण त्याबद्दल त्यांना कधी कुणी काही विचारलं नाही. विचारायचे ते लेन्सबद्दल. कॅमेरा घ्यायचं ज्याच्या मनात येई तो दुकानात जायच्या आधी तिसऱ्या मजल्यावर येऊन काकांची बेल वाजवायचा. आणि काकांचं म्हणजे नमनालाच घडाभर तेल. समोरच्याचा चहा गार होऊन त्यावर साय यायची.

"आधी सांग, जाणार कुठे?" ते विचारायचे. "डोंगर, दऱ्या, समुद्र? मग रुंद लेन्स घे आणि ट्रायपॉड घे. ॲपर्चर आठ ते अकरा ठेव, म्हणजे पायाजवळचा दगड आणि लांबचा कडा दोन्ही स्पष्ट येतात. आयएसओ सगळ्यात कमी. घाई करू नकोस, डोंगर कुठे पळून जात नाही. नुसता प्रवास करायचाय? एकच मधला झूम गळ्यात अडकव. चार लेन्सा घेऊन फिरणारा फोटो काढत नाही, हमाली करतो. आणि प्राणी-पक्षी काढायचे असतील तर चारशे मिलिमीटरच्या खालची लेन्स बघूसुद्धा नकोस. शटर हजाराच्या वर. आणि काय वाट्टेल ते होवो, फोकस डोळ्यावर! पंख हलला तरी चालेल, शेपूट कापली गेली तरी चालेल. डोळा स्पष्ट नसेल तर तो फोटो मेला."

हे शेवटचं ते टेबलावर बोट आपटून सांगायचे. आतून काकूंचा आवाज यायचा, "फोटो राहू दे, टेबल मरेल."

काकूंना फोटोतलं ओ की ठो कळत नाही असं काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. तेही त्यांच्यादेखत. खरं सांगायचं तर इतकी वर्षं त्या माणसाचा ट्रायपॉड खांद्यावरून वाहून काकूंना सगळं कळायला लागलं होतं. काकांनी कॅमेरा डोळ्यावरून काढला की त्या नुसता मागचा पडदा बघायच्या आणि म्हणायच्या, "हललाय." काका तावातावाने फोटो मोठा करून बघायचे. तो हललेला असायचा.

आणि त्या लाल स्वेटरची गोष्ट तर सगळ्या इमारतीला माहीत होती. डोंगराच्या फोटोत कुठेतरी माणूस लागतो, नाहीतर डोंगर केवढा आहे ते बघणाऱ्याला कळत नाही, असं काकांचं म्हणणं. माणूस आणायचा कुठून? घरचाच होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी बायकोला एक लालभडक स्वेटर आणून दिला. बिचारी हरखून गेली. पुढे तिला कळलं की हिरव्या-करड्या रानात लाल रंग लांबून उठून दिसतो, म्हणून तो आणला होता. तेव्हापासून जिथे जातील तिथे काकू स्वेटर घालून चालत सुटायच्या आणि काका मागून हातवारे करायचे. अजून लांब. थोडी डावीकडे. आता पाठ कर. त्यांच्या दोन खोल्यांच्या भिंतींवर कडे होते, सरोवरं होती, वाळूच्या टेकड्या होत्या आणि प्रत्येकात एक लाल ठिपका होता. नवा पाहुणा विचारायचा, "यात काकू कुठेत?" काकू बोट ठेवून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "ही मी. माझ्यामुळे डोंगराला उंची आलीय हो!" सगळे हसायचे. काकांचं हसणं सगळ्यात मोठं असायचं.

काकूंचे फोटो नव्हतेच असं नाही. ओळखपत्रावर होता, लग्नातले होते, मुलीच्या मोबाईलमध्ये ढीगभर होते. पण काकांनी, त्यांच्या कॅमेऱ्याने, जवळून, मुद्दाम काढलेला असा एकही नव्हता. पक्ष्यांच्या डोळ्यांतली बाहुली पकडायला हा माणूस चिखलात पोटावर झोपून राहिला होता. बायकोला पाठ करून उभं राहायला सांगत आला. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

मग काकूंना पोटाचं दुखणं लागलं आणि तपासण्या संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "आता घरी घेऊन जा. त्यांना काय हवंनको ते बघा."

काकांनी घरी आणलं. पलंग खिडकीशी लावला. बाहेर एक जुनं झाड होतं, त्यापलीकडे घरांची छपरं, आणि हवा स्वच्छ असली तर अगदी लांब एक डोंगराची रांग. एका दुपारी काकू म्हणाल्या, "अहो, मला काय हवंय ते विचारणार होतात ना? डॉक्टरीणबाईंचं ऐकलं मी."

"सांग की."

"माझा एक फोटो काढा. डोंगर नको मागे. मी एकटी. तोंडाचा."

काका म्हणाले, "उद्याच काढतो."

आता कुणीही शहाणा माणूस तिथल्या तिथे कॅमेरा उचलून मोकळा झाला असता. काकांनी विचार करायला घेतला. रुंद लेन्सने जवळून काढला तर आधीच उतरलेल्या चेहऱ्यावर नाक तेवढं मोठं दिसणार. चारशेची लावली तर स्वतः जिन्यात जाऊन उभं राहावं लागणार. मधला झूम चालला असता, पण तो म्हणजे प्रवासाची लेन्स. बायकोने उभ्या आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं आणि ते प्रवासी झूमने काढायचं? चेहऱ्यासाठी पंच्याऐंशीची लेन्स हवी. ती कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याकडे होती आणि स्टुडिओवाला कामासाठी परगावी गेला होता.

"येईल तो चारपाच दिवसांत," काका म्हणाले. "नीटच काढू ना."

चारपाच दिवस गेले. स्टुडिओवाल्याचं काम लांबलं. मग ढग आले. मग ऊन आलं, तर ते फार कडक आलं. रोज सकाळी काकू विचारायच्या, "आज?" आणि काका खिडकीकडे बघून म्हणायचे, "आज उजेड बरा नाही गं."

"उजेडाचं काय घेऊन बसलात," एकदा काकू म्हणाल्या. "मी बसलेय ना!" आणि मग जरा थांबून, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुमचं पहिल्यापासून असंच."

काका हसले. त्यांना वाटलं, ती चेष्टा करतेय.

त्या दिवसांत काकांचं बाहेर जाणं बंदच झालं होतं. हात शिवशिवायचे. म्हणून रोज पहाटे काकू झोपेत असताना ते गॅलरीतून त्याच लांबच्या रांगेचा फोटो काढायचे, त्या मधल्या झूमने. त्या लेन्सचं फोकसचं कडं सैल झालं होतं, जरा धक्का लागला की सरकायचं. डोंगर काढणारे लोक अशा वेळी जे करतात तेच काकांनी केलं. फोकस हातावर घेतला, रांग अगदी स्पष्ट दिसेपर्यंत कडं फिरवलं आणि वर काळी चिकटपट्टी लावून टाकली. रोज तोच डोंगर, रोज तेवढ्याच अंतरावर. पुन्हा हात लावायचं कारण नव्हतं.

एका सकाळी काकू आपण होऊन उठून बसल्या. किती दिवसांनी चेहऱ्यावर जरा तरतरी होती. स्वतःच्या हाताने त्यांनी केस विंचरले. काकांनी कपाटातून लाल स्वेटर काढला, तर म्हणाल्या, "तो नको. तो डोंगरातला. पोरीने पाठवलाय ना जांभळा, तो द्या." जांभळा घालून त्या खिडकीला टेकून बसल्या. झाडातून गाळून आलेलं मऊ ऊन त्यांच्या गालावर पडलं होतं. काकांनी आयुष्यभर ज्या उजेडाची वाट बघितली तो हाच. काकू म्हणाल्या, "आज नाही म्हणू नका हं."

काका धावले. कॅमेऱ्याला मधला झूमच लावलेला होता. असू दे, ते स्वतःशी म्हणाले, पंच्याऐंशी गेली खड्ड्यात. सवय पक्की होती. आयएसओ थोडा वाढवला. शटर वाढवलं. ॲपर्चर अकरावर होतं ते सगळं उघडून दोन पूर्णांक आठवर आणलं, म्हणजे मागचं झाड विरघळून जाईल आणि फक्त ती राहील. झूम शेवटपर्यंत ओढला. एकेक गोष्ट त्यांनी डोंगराची काढून माणसाची केली. पट्टी तेवढी राहिली.

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. काकू सरळ लेन्समध्ये बघत होत्या. पाठ न करता, इतक्या जवळ. काकांच्या डोळ्यांत भसकन पाणी आलं आणि आतलं सगळं धूसर दिसायला लागलं. साहजिकच होतं ते. रडणाऱ्या माणसाला दिसणार कसं? आपल्याला दिसत नसलं तरी कॅमेऱ्याला दिसतंय, असं समजून त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तीनचारदा दाबलं.

"झालं?" काकू म्हणाल्या. "दाखवा बघू."

काका नाक पुसत स्वतःचा चष्मा शोधत होते. तो सापडेपर्यंत त्यांनी कॅमेरा काकूंच्या मांडीवर ठेवला. काकूंनी आपला चष्मा लावला आणि बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"कसा आलाय?" काकांनी विचारलं.

"झाड सुरेख आलंय," काकू म्हणाल्या. "पान न् पान दिसतंय."

काका खूश झाले. त्यांनी चष्मा लावून हात पुढे केला, पण काकूंनी कॅमेरा बंद करून पलीकडे ठेवला होता. "बघाल मग सावकाश," त्या म्हणाल्या. "मला जरा आडवं करा. दमले."

त्या दमल्या त्या दमल्याच. त्या आठवड्यात त्या पुन्हा उठून बसल्या नाहीत. काका पलंगाशी बसून राहिले, कॅमेऱ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटच्या दिवशी मुलगी पोचली ती आई गेल्यावर तासाभराने.

सगळं आटोपलं, माणसं आपापल्या घरी गेली. मुलगी म्हणाली, "बाबा, आईचा फोटो काढलात ना? फोनवर सांगत होती. बाबांनी शेवटी माझा फोटो काढला म्हणून. मोठा करून घेऊ या तो."

काकांनी संगणक लावला. फोटो उघडला. खिडकीतलं झाड होतं, त्याच्या सालीवरच्या भेगा होत्या, पानांच्या शिरा होत्या. त्यामागे छपरं होती, एका छपरावरची तार होती, आणि अगदी लांब ती डोंगराची रांग, सुरीने कापल्यासारखी. त्या सगळ्याच्या पुढे एक मोठा जांभळा डाग होता आणि त्यावर फिका गोल. डोळे कुठे असतील ते अंदाजाने सांगता आलं असतं.

काकांनी दुसरा उघडला, तिसरा उघडला. मग ते उठून गेले आणि कॅमेरा घेऊन आले. लेन्सवरची काळी पट्टी त्यांनी अंगठ्याने चाचपली. मुलीला लेन्समधलं फार कळत नव्हतं, पण बापाचा चेहरा तिला कळला.

"बाबा, अहो, तेव्हा एकदा बघायचं तरी. पुन्हा काढता आला असता."

काकांनी पट्टीचं एक टोक नखाने उचकटलं.

"आईने पाहिला होता हा?"

"पाहिला."

"मग? काय म्हणाली?"

"झाड सुरेख आलंय म्हणाली."

मुलीने तोंडावर हात ठेवला. इतक्या वर्षांत एकही हललेला फोटो जिच्या नजरेतून सुटला नव्हता, तिने हा बघितला होता, चष्मा लावून, बराच वेळ. संगणकाच्या उजेडात काका त्या फिक्या गोलाकडे बघत होते.

"आणि मी तिला काय म्हटलं, ठाऊक आहे?" ते म्हणाले. "मी म्हटलं, थँक्यू."