चुलीपुढचे बूट

बूट आणि चूल हे दोन शब्द एका वाक्यात आले तरी मी चूळ भरायला उठतो. लंडनच्या एजवेअरमध्ये अर्धं आयुष्य गेलं, पण आमच्या घरात पादत्राणं दाराच्या आत येत नाहीत. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या धिप्पाड माणसालासुद्धा आमची ही पायात निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला लावते, आणि तोही बिचारा मुकाट्याने चढवतो. अशा घरातला मी, गेल्या डिसेंबरात एका जुन्या हवेलीच्या स्वयंपाकघरात उभा राहून, चुलीपुढे ओळीने मांडलेल्या बुटांतून खाऊ कसा खायचा हे लोकांना हसतमुखाने समजावून सांगत होतो. त्यानंतर मी स्वतः काय खाल्लं ते पुढे येईलच. जेवायला बसला असाल तर आधी जेवून घ्या.

आमची मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली. वॉटफर्डच्या पलीकडे, शेतांच्या मध्ये, एका डच व्यापाऱ्याने तीनचारशे वर्षांपूर्वी बांधलेलं लाल विटांचं घर आहे. आता ते एक लहानसा ट्रस्ट चालवतो. तिथे ती ‘इव्हेंट्स’ बघते. म्हणजे त्या वेळी तात्पुरती बघत होती, ख्रिसमसपर्यंत. डिसेंबरातला ‘डच वीकेंड’ ही सगळी तिची कल्पना. तो नीट पार पडला तर नोकरी कायम, नाहीतर नाताळच्या शुभेच्छा आणि नारळ, असं ट्रस्टच्या अध्यक्षबाईंनी तिला अगदी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. पोरगी महिनाभर नीट झोपली नव्हती.

आदल्या दिवशी तिचा फोन. स्वयंपाकघरात उभा राहणारा व्हॉलंटिअर फ्लूने आडवा झाला होता.

“बाबा, उद्या फ्री आहात?”

“रिटायर माणूस आहे मी. फ्री नसून जातो कुठे?”

“मग ऐका. किचनमध्ये उभं राहायचं, मी देईन त्या कार्डावर आहे तेवढंच बोलायचं. जोक्स नाही. गोष्टी नाही. आणि मी तुमची डॉटर आहे हे तिथे कोणाला सांगायचं नाही. अनप्रोफेशनल दिसतो.”

“अगं, नाक माझंच आहे तुझं. लोकांना दिसेलच.”

“बाबा, प्लीज. माझा जॉब आहे.”

मागून आमची ही ओरडली, “ह्यांना नेतेस? कौन्सिलच्या लायब्ररीतली दिवाळी विसरलीस का? ह्यांनी उदबत्ती लावली आणि फायर ब्रिगेड आली!”

“आई, दुसरा कोणीच नाही आहे,” पोरगी म्हणाली. माझी निवड झाली ती ही अशी.

सकाळी पाऊस, मग बस, मग पायवाट. इंग्लिश पायवाट म्हणजे गवत, चिखल आणि कुत्र्यांनी मागे ठेवलेल्या आठवणी. मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरलो तर दगडी फरशी नुकतीच पुसून लख्ख केलेली. आता खरं सांगतो, मी विचार केलाच नाही. विचार पायांनी केला. उंबऱ्याशी बूट काढले, भिंतीला लावून ठेवले आणि मोज्यांवर आत गेलो. बॅज घ्यायचा होता, कार्ड घ्यायचं होतं, आणि चहा कुठे मिळतो तेही बघायचं होतं.

इथे त्या बुटांविषयी सांगायला हवं. तपकिरी, चामड्याचे, टाचा झिजलेले, पुढून तोंड उघडायच्या बेतात असलेले. हिवाळाभर ओलसर मोज्यांमुळे माझ्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, म्हणून केमिस्टकडची पांढरी पावडर मी रोज सकाळी बुटांत शिंपडतो. शिंपडतो म्हणजे काय, ओततो. आमची ही म्हणते, “अहो, पायाला लावा, बुटाला काय खाज सुटलीय?” पण मला मोकळ्या हाताची सवय.

चहा पिऊन परतलो तर बूट गायब.

मग दिसले. चुलीपुढे. डच पद्धत अशी की मुलं डिसेंबराच्या सुरुवातीला चुलीशी आपापला बूट ठेवतात, त्यात त्यांच्या नाताळबाबासारख्या एका संताच्या पांढऱ्या घोड्यासाठी गवत आणि गाजर. रात्री संत येतो, घोड्याचा खाऊ घेतो आणि बुटात मुलांचा खाऊ ठेवतो. कार्डावर हेच लिहिलं होतं. मुलीने त्यासाठी लाकडी डच खडावा आणि मुलांचे कोरे बूट आणून ठेवले होते. ते मांडणाऱ्या दोन ॲप्रनवाल्या म्हाताऱ्यांना दाराशी माझे बूट दिसले, आणि त्यांना वाटलं हेही प्रदर्शनातलेच. ऐन मध्यभागी मांडले होते त्यांनी. एकात गवत, एकात गाजर.

“किती अस्सल वाटतात, नाही?” एक म्हणाली.

“वाससुद्धा जुना आहे,” दुसरी म्हणाली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि गर्दी आत आली. चुलीपुढे दोरी बांधलेली. मी टेबलामागे सरकलो आणि तिथूनच कार्डावरचं बोलायला लागलो, कारण डाव्या मोज्यातून माझा अंगठा पूर्ण बाहेर आला होता.

त्या खोलीचा वास मी अजून विसरलेलो नाही. कोपऱ्यात वाटाण्याचं दाट हिरवं सूप रटरटत होतं आणि त्यात डुकराचे पाय. पायच. कुणीतरी पळीने ढवळलं की एक खूर वर यायचा, आमच्याकडे बघायचा आणि पुन्हा बुडायचा. शेजारी गरम वाइन, लवंगा घातलेली. सर्दीचा काढा आणि शिळं द्राक्ष यांचं लग्न लावलं तर जे होईल ते. त्यावर ओल्या लोकरी कोटांचा वास आणि ओल्या कुत्र्यांचा वास. कारण इथे नातवाला “हात लावू नको” म्हणतात आणि कुत्र्याला घेऊन स्वयंपाकघरात येतात. एका बाईंनी मला डच गोळी दिली, काळी. तोंडात टाकली तर ती खारट! ज्येष्ठमधाला मिठात बुडवून वर जुनं टायर घासल्यासारखी. हसत हसत रुमालात काढली. तो रुमाल मी पुढे धुतला नाही, टाकूनच दिला.

लाल स्कार्फवाल्या एका गृहस्थांनी माझ्याकडे नीट पाहून विचारलं, “मग त्या संताचा तो काळा नोकर असायचा, तो तुम्ही का?”

पूर्वी डच लोक संताबरोबर तोंडाला काळं फासलेला नोकर फिरवायचे. मुलीने तो प्रकार पहिल्याच दिवशी कार्यक्रमातून काढून टाकला होता. पण कार्डावर याचं उत्तर नव्हतं, आणि जोक्सना बंदी होती. मी म्हणालो, “मी सूप सांभाळतो,” आणि त्यांना खूर दाखवला. ते गेले.

मग मुलगी आली. तिने चूल पाहिली, बूट पाहिले, मग माझ्या पायांकडे पाहिलं. जवळ येऊन, ओठ न हलवता म्हणाली, “बाबा, ते शूज...”

“हो.”

“का?”

“फरशी पुसलेली होती गं.”

“इथे कोणी शूज काढत नाही!”

“आता काढून घेऊ?”

“आता नको! चेअरपर्सन आलेत. काही करू नका. फक्त उभं राहा.”

पावडरीचं सांगायचं होतं. पण ती गेलीही, अध्यक्षबाईंना आत घेऊन. बाई उंच, राखाडी, मोत्यांची माळ, आणि चेहरा असा की शंभर कार्यक्रमांचा कंटाळा त्यावर इस्त्री करून बसवलाय. मी स्वतःला समजावलं: गवत आहे, गाजर आहे. घोडा काही येत नाही. कोण खाणार आहे?

संत आला. शेजारच्या गावात राहणारे एक निवृत्त डच आजोबा, लाल झगा, कापसाची दाढी आणि हातात इतकी उंच काठी की ती तुळईला अडकली. त्यांनी पोतडीत हात घातला. मला वाटलं होतं, चांदीच्या कागदातली चॉकलेटं निघतील. निघाली बोराएवढी मसाल्याची बिस्किटं, सुटी, उघडी. आणि आजोबांनी ती मुठी भरभरून बुटांवर उधळली. अर्धी फरशीवर, अर्धी बुटांत.

“आता,” संत गरजले, “घराच्या मालकीणबाईंनी पहिला घास घ्यायचा!”

अध्यक्षबाईंनी ओळीवरून नजर फिरवली. इतक्या सगळ्या लखलखीत बुटांत त्यांना कोणता आवडावा? जाणकार बाई. सगळ्यात जुना उचलला. आतलं गवत बाजूला करून बूट हलवला, तशी आतून पांढरी धूळ भुसकन वर आली आणि बिस्किटांवर अलगद बसली.

“अरे वा, आयसिंग शुगर!” बाई म्हणाल्या, आणि त्या चेहऱ्यावर प्रथमच सुरकुती हलली. मुलीकडे वळून म्हणाल्या, “किती बारकाईने विचार केलाय तुम्ही.”

पोरीचा चेहरा असा उजळला, की तो मी तिच्या पदवीदानातही पाहिला नव्हता. आणि बाईंच्या दोन बोटांत ते बिस्किट, पांढरंशुभ्र, तोंडाकडे निघालेलं.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? “थांबा” म्हटलं असतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं, सगळ्यांसमोर, त्या उजळलेल्या चेहऱ्यासमोर. मी दोरी ओलांडली. बाईंच्या बोटांतलं बिस्किट काढून घेतलं, दुसऱ्या हाताने बूट घेतला, आणि बिस्किट तोंडात टाकून त्यामागोमाग बूटही तोंडात रिकामा केला.

चव सांगू? आधी दालचिनी. मग लवंग. मग चामडं. मग गवताची काडी, जी अजूनही कधीकधी घशात जाणवते. मग पावडर, ती लाळेत भिजली की सिमेंटसारखी होते आणि वर कापराचा थंडावा येतो. आणि या सगळ्याच्या तळाशी, ओळखीचा, घरचा, माझ्या स्वतःच्या पायाचा वास. आपल्याच पायाची किळस जिभेवर घेतलेला माणूस माझ्या माहितीत मी एकटाच.

कोपऱ्यात सूप रटरटत होतं.

“या गृहस्थांना तुम्ही ओळखता?” अध्यक्षबाईंनी मुलीला विचारलं.

मी बाईंच्या आडून तिला मान हलवून खुणावलं: नाही म्हण. गाल भरलेले, ओठांवर पांढरा फेस, अंगठा बाहेर. माझ्यासारख्याला नाकारणं कुणालाही जड गेलं नसतं.

“हे माझे वडील आहेत,” ती म्हणाली. “आणि ते बूट त्यांचे आहेत.” मग मराठीत, “बाबा, आत काय होतं?”

“पावडर,” मी कसंबसं म्हणालो. “पायाची.”

तिने भाषांतर केलं. स्पष्ट आवाजात, एकही शब्द न गाळता, खाजेसकट. गर्दी एक पाऊल मागे सरकली. पुढचा एक कुत्रा मात्र पुढे आला. संत हसायला लागले ते दाढी निसटेपर्यंत. म्हणाले, “आम्ही भाऊभाऊ गोठा साफ केलेल्या बुटांतून खायचो! कुणी मेलं नाही!”

“मला हे कळलं नसतं तरी चाललं असतं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढून एकेक बोट निगुतीने पुसलं. मुलीकडे पाहून म्हणाल्या, “आय सी.” या देशात राहिलेल्यांना ठाऊक आहे, ‘आय सी’ म्हणजे सगळं संपलं.

पोरगी रडली नाही. सगळे बूट उचलले, फरशीवरची बिस्किटं झाडली, हात धुतले आणि संतांना पोतडीतूनच बिस्किटं वाटायला लावली. मला कार पार्कमध्ये पाठवलं, पिवळं जाकीट देऊन. बूट पुन्हा पायात, गवताच्या काड्या आत तशाच. दिवसभर मी गाड्यांना हात दाखवत होतो आणि झुडपामागे जाऊन थुंकत होतो. स्वतःची इतकी शिसारी मला आजवर आली नव्हती.

अंधारून आलं तेव्हा अध्यक्षबाईंची गाडी माझ्यापाशी थांबली. काच खाली आली.

“ती नाही म्हणू शकली असती,” बाई म्हणाल्या.

“मी तिला तसं खुणावत होतो.”

“पाहिलं मी. सुंदर दिसत नव्हतं.” त्यांनी गाडीचं इंजिन बंद केलं. “मला आजपर्यंत पुष्कळ काय काय खायला घातलंय लोकांनी. आत काय आहे ते कुणी सांगितलं नव्हतं. ती राहील. तुम्ही मात्र पुन्हा इथे...”

“नाही.”

“उत्तम.” काच वर गेली.

हे मुलीला घरी सोडताना गाडीत सांगितलं. म्हणजे गाडी ती चालवत होती. मी बूट मांडीवर घेऊन, पिशवीत गाठ मारून, बसलो होतो. तिने आमच्या दारापुढे गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग ती आधी हसली की आधी रडली, ते मला नीट कळलं नाही.

“बाबा, ते तुम्ही माझ्यासाठी खाल्लात ना?”

“छे. भूक लागली होती.”

मला मिठी मारायला ती पुढे वाकली. अर्ध्यावर थांबली. नाक मुरडलं, माझंच नाक ते, आणि हात लांब करून, तोंड खिडकीकडे वळवून, माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

“आधी दात घासा,” ती म्हणाली.