सुळक्यांवरचे मठ आणि एक सर्टिफिकेट

मला लिहिण्याची सवय नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्यावं. या महिन्यात कॅलेंडरवर ग्रीसमधले उंच सुळक्यांवरचे मठ आले आणि अबुधाबीतलं ते मंदीचं वर्ष आठवलं. बाबा सातवी शिकलेले, एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होते. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वर्गातली मुलं हे मठ बघायला निघाली होती, म्हणून मी जेवणाच्या टेबलावर चित्रं पसरून बसलो होतो. बाबांनी एका चित्रावर बोट ठेवलं. "एवढ्या वर सामान कसं चढवलं असेल रे?" "जाळ्यात भरून, दोराने ओढून," मी म्हणालो, "पण ग्रीसच्या व्हिसासाठी तुमचं सॅलरी सर्टिफिकेट लागेल." बाबांनी चित्रावरचं बोट उचललं. "सध्या माणसं कमी करतायत. या दिवसांत ऑफिसात तोंड दाखवू नये. पुढच्या वर्षी जा, इन्शाल्ला." "बाकीच्यांचे बाबा एका दिवसात आणतात," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि संध्याकाळी शिक्क्याचा कागद त्यांनी माझ्या चित्रांवर आणून ठेवला. महिन्याभरात त्यांची नोकरी गेली, आमचे अबुधाबीत राहायचे व्हिसा रद्द झाले, आम्ही चिपळूणला परतलो. "साइटच बंद पडली," एवढंच बाबा आजवर सांगत आले. परवा त्यांच्या कंपनीतले एक काका घरी आले होते. बाबा चहाचं सांगायला आत गेले, तेव्हा ते हळूच म्हणाले, "काढायच्या माणसांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं रे. सर्टिफिकेट मागायला समोर उभा राहिला, तेव्हा मॅनेजर म्हणाला, अरे, ये तो रह ही गया."