पळसावर आळ

संध्या रागीट आहे, हे साऱ्या गावाला माहीत आहे. सडक अर्जुनीच्या एका कॉलेजात ती तासिकेवर वनस्पतिशास्त्र शिकवते; वर्गात कमी, रानात जास्त. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती घरी आली, तर शेजारचा पिंटू कुऱ्हाड घेऊन तिच्या घरच्या बांधावरच्या पळसाखाली उभा. तिची आई चमेली खोडाला पाठ लावून आडवी आलेली. त्या पळसाच्या फांद्यांवर आईनं लाखेचे किडे वाढवले होते. झाड गेलं की पीक गेलं.

"काऊन तोडून राहिला रे?" संध्या ओरडली.

"माह्या पोरीचा, टीनाचा, श्वास अडकून राहिला. डाक्टर म्हणे, फुलाची ॲलर्जी. गावात दुसरं फूल दिसते का तुले?"

"लाल दिसलं म्हणून धरलं? चोर लाल सदरा घालून येते का? पळसाचे परागकण जड, चिकट. पाखरांच्या चोचीले लागून जातात, हवेत उडत नाहीत."

तिनं त्याला हातपंपामागच्या उघड्याबोडक्या झाडाजवळ ओढतच नेलं.

"याले तर फूलच नाही," पिंटू म्हणाला.

संध्यानं फांदी वाकवून आपल्या काळ्या ओढणीवर झटकली. काळ्यावर पिवळी धूळ पसरली.

"हे बारके झुबके म्हणजे फुलंच. पाकळी नाही, वास नाही, मध नाही. असं फूल वाऱ्याच्या भरवशावर परागकण सोडते, तेच टीनाच्या नाकात जातात. आता झाडाचं कूळ पाह्य. तुतीच्या कुळातलं असतं तर डहाळी मोडल्यावर चीक आला असता." तिनं डहाळी मोडून दाखवली. " आला का? आन् खाली पापडासारखी चपटी फळं पडली आहेत. हा वावळ."

पिंटूनं कुऱ्हाड वावळावर उगारली.

"थांब!" ती ओरडली. "टेकडीवर किती वावळ आहेत, माहीत आहे? सारं रान कापशील? डाक्टरनं औषध नाही देल्लं?"

"श्वासाचा पंप देल्ला. पण त्याची सवय लागते म्हणतात. पेटीत ठेवला."

"पेटीत! पोरगी तडफडून राहिली आन् पंप पेटीत!" तिनं कुऱ्हाड हिसकावून आईच्या हाती दिली.

"काकी, कुऱ्हाड द्या ना."

"पंप आण आधी," चमेली म्हणाली.

"मोठी डाक्टरीण झाली," असं पुटपुटत पिंटू गेला आणि टीनाला कडेवर घेऊन आला. पंप तोंडात धरून श्वास कसा ओढायचा, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. टीनाला ते शिकवता शिकवता संध्या त्याला झापतच होती.