एका परिच्छेदातला संप

एखाद्या पुस्तकावर तुम्ही शेवटचे कधी रागावलात? आवडलं नाही म्हणून अर्ध्यावर मिटून ठेवलं, तो राग नव्हे. ताटावर बसलं तरी घास उतरत नाही, समोरचा काही विचारतो आणि आपण मनातल्या मनात त्या पुस्तकातल्या कुणाशी तरी भांडत असतो, तसा राग.

मी तशी रागावले होते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, आणि त्या रागापायी मी एक माणूस घालवून बसले. पुस्तक अजून माझ्याकडे आहे.

आमचं घर झाशीच्या रेल्वे कॉलनीत. आजोबा जळगावकडून बदलीवर आले ते इथलेच झाले. बाबा कारखान्यात फिटर आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्याकडे गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. पलंगाखाली गठ्ठे, शिवणयंत्राखाली गठ्ठे, फळीवर डब्यांखाली अंथरलेली पत्रकं. पुढच्या बाजूला हिंदीतल्या मागण्या छापलेल्या असत आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आई मला मराठी बाराखडी गिरवायला लावी. सातव्या वर्षी मला पत्रकाची तिहेरी घडी घालता येत होती. दहाव्या वर्षी मी दुधी भोपळ्याविरुद्ध पत्रक काढून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं. आईनं त्याखाली पेन्सिलनं लिहिलं, ‘मागणी फेटाळण्यात येत आहे’, आणि दुधीच वाढला.

म्हणजे सवयच तशी. काही खटकलं की पत्रक काढायचं. वर एक टोकदार प्रश्न, मध्ये मुद्दे, शेवटी आवाहन.

माझी एकच मैत्रीण होती. कॉलेजात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. तिचं घर दतिया गेटजवळच्या गल्लीत. तिचे पूर्वज दोन-अडीचशे वर्षांपूर्वी कारकुनी करायला इकडे आले होते आणि त्यांची मराठी त्यांनी जपून ठेवली होती. ती कपाटाला फडताळ म्हणायची. मी तिच्या पाचपट बोलायचे, पण त्यातलं निम्मं हिंदी असायचं. वर्गात, कॅन्टीनमध्ये, सगळ्यांच्या मध्ये बसून आम्ही मराठीत काहीही बोलू शकत होतो. आजूबाजूला कुणाला कळायचं नाही. चार भिंती नसलेली खोलीच होती ती आमची.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही बसनं बरुआसागरला गेलो. तलावाच्या बांधावर ऊन खात, शेंगदाणे सोलत बसलो होतो. तिनं पिशवीतून एक जाड इंग्रजी कादंबरी काढली. त्या वर्षी कॉलेजात मुलींच्या तोंडी तिचंच नाव होतं, पण प्रत हिच्याकडेच होती, पुण्याच्या मावसबहिणीनं पाठवलेली.

“काय नेताजी, प्रेमकथा वाचणार का?”

“कुणाची?”

“एका मुलीची. घाबरू नकोस, संपपण आहे त्यात.”

“खरंच?”

“दोनशे पानांनंतर. तेवढा धीर धर. आणि पेन्सिलच्या खुणा आहेत, तिकडे लक्ष देऊ नकोस.”

तिनं ती तीनदा वाचली होती. तीनदा कशाला, असं मी विचारलं. पाण्याकडे बघत तिनं एक वाक्य सांगितलं. शेवटचं प्रकरण वाचताना तिला रडू का येतं, याबद्दलचं. ते वाक्य मी इथं लिहिणार नाही. का, ते पुढं कळेल.

मग ती म्हणाली, “इंदूरची माणसं येऊन बघून गेली परवा.”

“तुला नको असेल तर नाही म्हणून टाक.”

“टाकते हं, नेताजी.” ती हसली आणि ओढणी पदरासारखी धरून तीत टरफलं गोळा करू लागली. मी लगेच दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला लागले.

कादंबरीतलं शहर भविष्यातलं. तिथं सरकारनं घराघरातली घड्याळं जप्त केलेली. सकाळ कधी झाली, जेवायचं कधी, झोपायचं कधी, ते सरकारी भोंगा ठरवणार. दिवस हवा तेवढा लांबवता येतो, कालव्यावरच्या मजुरांकडून हवं तेवढं काम काढता येतं. एक सतरा वर्षांची मुलगी तळघरात लपून मोडकी घड्याळं दुरुस्त करते आणि मजुरांना वाटते. शब्दकोश शेजारी घेऊन मी पहिली शंभर पानं दोन दिवसांत वाचली. कारखान्याच्या भोंग्यावर आमचीही कॉलनी उठते-बसते. मला वाटलं, कुणीतरी आमच्याबद्दल लिहिलंय. जन्मात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीत मला माझं घर दिसत होतं.

बाबा कामावरून आले की मी त्यांना पुढची हकिगत सांगायचे. तेही चहा घेऊन समोर बसायचे.

“भोंगा बंद पाडला का त्यांनी?”

“अजून नाही. काम थांबवायचं ठरलंय.”

“कुणी ठरवलं? बैठक झाली?”

“बैठक नाही दाखवली. तिनं भाषण केलं.”

“सतरा वर्षांच्या पोरीनं भाषण केलं नि सगळे थांबले,” बाबा बशीत चहा ओतत म्हणाले. “आम्हाला का नाही मिळाली अशी पोरगी?”

दोनशे पानांनंतर संप आला. आणि संपाबरोबर दोन मुलगे आले, एक सेनापतीचा मुलगा आणि एक भुयारात राहणारा. तिथून पुढं कालव्यावर काय चाललंय ते कुणी सांगेना. ती पहिल्याकडे बघते, दुसऱ्याचा हात धरते, पहिल्यासाठी रडते. दीडशे पानं. आणि शेवटून दुसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद: मजूर जिंकले, भोंगा गप्प झाला, शहर मोकळं झालं. लगेच पुढच्या ओळीपासून ती कुणाची निवड करणार, ते.

“आणि फितूर कोण निघालं?” बाबांनी विचारलं.

“कुणीच नाही.”

“चुली कशा पेटत होत्या तेवढे दिवस?”

“नाही लिहिलं.”

“मग तो संप नव्हता बेटा, सुट्टी होती.”

ते हसून हात धुवायला गेले. मला हसू आलं नाही. मी लहानपणी गेटवरच्या धरण्याचे दिवस पाहिले होते. आई आणि शेजारच्या भाभीजी मोठ्या परातीत कणीक मळायच्या. एक काका मान खाली घालून गेटातून आत कामावर गेले. दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन त्यांच्या घरी गेले. दोघं एक अक्षर न बोलता चहा प्यायले आणि आम्ही परत आलो. माझ्या लेखी संप म्हणजे तो चहा होता. आणि इथं तीनशे ऐंशी पानांच्या पुस्तकात त्याला जागा नव्हती. आमचं दुःख पडद्यासारखं मागं टांगून पुढं दोघांपैकी एक नवरा निवडायचा खेळ मांडला होता. हे मला आजही तसंच वाटतं. त्या पुस्तकाला मी माफ केलेलं नाही.

मी पत्रक काढलं. हिंदीत, पाठपोट एक कागद. वर प्रश्न: “क्या हड़ताल एक पैराग्राफ़ में जीती जाती है?” खाली पाच मुद्दे. चौथा मुद्दा होता की अशी पुस्तकं मुलींना रडायला शिकवतात आणि लढाई विसरायला लावतात. त्याला पुरावा हवा होता. मी लिहिलं, “एक पाठिका कहती हैं”, म्हणजे एक वाचक म्हणते, आणि पुढं बांधावरचं तिचं वाक्य घातलं. नाव घातलं नाही. अनुवाद चांगला जमला म्हणून मी स्वतःवर खूष झाले. पूर्ण पत्रकात तेच एक वाक्य जिवंत होतं, आणि ते माझं नव्हतं.

कॉलेजसमोरच्या दुकानातून चाळीस प्रती काढल्या आणि वाचनालयात मेजामेजावर ठेवल्या. दुपारपर्यंत व्हरांड्यात दोन मुली ते वाक्य छातीवर हात ठेवून, उसासा टाकून म्हणून दाखवत होत्या. पुस्तकाची प्रत कुणाची आहे हे सगळ्यांना माहीत होतं. माझी मैत्रीण डबा उघडून बसली होती. तिनं मान वर केली नाही. डबा बंद केला आणि गेली. त्यानंतर दोन दिवस ती आली नाही.

तिसऱ्या दिवशी बाबांनी पत्रक वाचलं. मला शाबासकीची खात्री होती. त्यांनी चौथ्या मुद्द्यावर बोट ठेवलं.

“हे कुणाचं म्हणणं?”

“माझ्या मैत्रिणीचं.”

“तिला विचारलंस?”

“नाव नाही घातलं, बाबा.”

“नाव न घातलं तरी माणूस ओळखू येतो. आम्ही कुणाची तक्रार पत्रकात घ्यायची तर आधी त्याच्या घरी जात असू. तो नको म्हणाला तर त्याच्याशिवाय पत्रक निघायचं.” त्यांनी कागदाची तिहेरी घडी घातली आणि मला परत दिला.

मी तशीच सायकल काढून दतिया गेटला गेले. तिच्या आईनं दार उघडलं. “ये गं, वर आहे ती,” एवढंच म्हणाल्या. ती गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती.

“आइए,” ती म्हणाली. “बैठिए। चाय लेंगी?”

मला आधी वाटलं थट्टा करतेय. “अशी काय बोलतेस?”

“जिस भाषा में छापा है, उसी में बात कर लेते हैं।”

मी माफी मागायला गेले होते. पण माझ्या तोंडून काय निघालं, तर पुस्तक वाईटच आहे, माझा मुद्दा चुकीचा नाही, फक्त पद्धत चुकली. ती चादरीची दोन टोकं जुळवत ऐकून घेत होती. मग तिनं शांतपणे, हिंदीतच, सांगितलं की पुस्तक वाईट आहे हे तिला पहिल्याच वाचनात कळलं होतं. संप एका परिच्छेदात उरकलाय हे दिसायला युनियनचा बाप लागत नाही. “आपने बहस की,” ती म्हणाली. “पूछा कुछ नहीं।”

मी पुस्तक परत आणून देते म्हटलं.

“रख लीजिए।”

एप्रिलमध्ये तिचं लग्न झालं, इंदूरला. पत्रिका बाबांच्या नावे आली, सहकुटुंब. आई-बाबा गेले. मी सभेचं निमित्त सांगून घरी राहिले. त्या दिवशी कुठलीही सभा नव्हती. दिवसभर मी दाराला कडी लावून बसले होते.

त्याच आठवड्यात मी ते पुस्तक पुन्हा उघडलं, अजून मोठा लेख लिहायच्या इराद्यानं. या वेळी खुणांकडे लक्ष गेलं. पेन्सिलचे बारीक ठिपके, समासात, आणि तेही प्रेमाच्या प्रसंगांपाशी नव्हेत. ठिपके पाहत पाहत शेवटपर्यंत गेले तेव्हा उलगडलं. त्या मुलीला जिथं जिथं कुणी विचारतं, तुला काय हवंय, तिथं तिथं ठिपका होता. कधी एक मुलगा विचारतो, कधी दुसरा, एकदा भुयारातली म्हातारी विचारते. तेवीस ठिपके. बांधावर मी तिला एकदासुद्धा विचारलं नव्हतं. नाही म्हणून टाक, असा ठराव मात्र मांडला होता.

याला आता दोन वर्षं होतील. मी एका छोट्या हिंदी मासिकात काम करते. घरी आई मराठीत विचारते, मी हिंदीत उत्तर देते. संध्याकाळी ओरछा गेटवरून चालत येताना मी कधी कधी मराठीत पुटपुटते. फडताळ, म्हणते. शेजारून जाणारा वळून बघतो. त्या खोलीला चार भिंती नव्हत्या, पण आत दोन माणसं लागत होती. ते बाहेर एकटीनं उभं राहिल्यावर कळतं.

हे लिहायच्या आधी मी तिला निरोप पाठवला. काय लिहिणार आहे ते सगळं सांगितलं आणि लिहू का, असं विचारलं. निरोप मराठीत होता. चार दिवसांनी उत्तर आलं: “निशानों की बात लिख सकती हैं। वह वाक्य नहीं।”

म्हणून ते ठिपके इथं आहेत, ते वाक्य नाही. आणि ती अजून मला ‘आप’च म्हणते.

आता माझं आवाहन. तुमच्या घरी कुणाचं तरी वाचायला आणलेलं पुस्तक पडून असेल. आज ते काढा. चांगलं की वाईट, ते तुमचं मत राहू द्या, मीही माझं सोडलेलं नाही. पानं चाळून खुणा आहेत का बघा, आणि ज्याचं पुस्तक आहे त्याच्या घरी ते स्वतः घेऊन जा. तुम्ही दोघं ज्या भाषेत बोलत होता त्याच भाषेत विचारा, यातलं तुला काय हवं होतं? आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.